"पक्की" म्हणू नका रे

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, उद्या सकाळी आठला कॉल आहे आणि मी इथे टाईप करत बसलोय कारण झोप काही येणार नाहीये. मरिनर्सनी, म्हणजे आमच्या सिएटलच्या बेसबॉल टीमने, आज डिव्हिजन जिंकली, म्हणजे आपल्या गटात पहिले आले. 2001 नंतर पहिल्यांदा. रॉकीजना 9-2 ने हरवलं, आमच्या कॅल रॅलीने पहिल्या इनिंगला एक होमरन ठोकला, क्रिकेटमधल्या सिक्ससारखा, मग आठव्या इनिंगला अजून एक, सीझनचे 60 झाले. साठ! अमेरिकन लीगमधे (बेसबॉलच्या दोन लीगपैकी आमची) ह्याआधी तिघांनीच तिथवर मजल मारलीये, रूथ, मॅरिस आणि जज, आणि त्यातला एकही कॅचर नव्हता. हा माणूस रोज तीन तास उकिडवा बसून दीडशेच्या स्पीडने येणारे बॉल अडवतो आणि मग उठून बॅटिंग करतो, मला देवघरातून निरांजन घेऊन उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो. त्याला इथे सगळे बिग डंपर म्हणतात. का म्हणतात ते त्याचा पाठमोरा फोटो बघा, इथे लिहीत नाही, माझी आई फेसबुकवर आहे.

तर विषय हा की मी खूष असायला पाहिजे ना? पोटात गोळा आलाय.

आणि त्यात मॅच संपून पाच मिनिटं झाली नाहीत तर ग्रुपवर मेसेज, "यंदा वर्ल्ड सिरीज पक्की!!!" वर्ल्ड सिरीज म्हणजे बेसबॉलची फायनल. मेसेजपुढे फटाके, लाडू, नाचणारी बाई. मी आपलं साधं लिहिलं, थांब रे, अजून काही झालेलं नाहीये. त्यावर हे महाशय, "दादा तू कायमच निगेटिव्ह, जरा एंजॉय कर ना." आणि त्यावर अकरा जणांचे दात काढलेले इमोजी.

एंजॉय कर ना! अरे बाळा, तू सिएटलला आलास गेल्या वर्षी मार्चमधे. तुझ्या टोपीवरचं गोल सोनेरी स्टिकर अजून निघालेलं नाही. मी सांगलीहून इथे उतरलो ऑगस्ट 2001 मधे, तेव्हा ही टीम इतकी जिंकत होती की मला वाटलं बेसबॉल म्हणजे असंच असतं, एक टीम कायम जिंकते आणि बाकीच्या तिच्याकडून हरायला गावोगाव फिरतात. त्या सीझनला 116 मॅच जिंकले, इचिरोचं, त्या जपानी स्टारचं, इथलं पहिलं वर्ष, काय दिवस होते. मग ऑक्टोबरमधे यांकीजनी घरी बसवलं. ठीक आहे म्हटलं, पुढच्या वर्षी. ते पुढचं वर्ष आलं 2022 ला. एकवीस वर्षं! मधल्या काळात माझं लग्न झालं, ग्रीन कार्ड झालं, मुलगा झाला, केस गेले, प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरची बाद फेरी, काही झाले नाहीत. माझा तेव्हाचा रूममेट अजून भेटला की म्हणतो, तुझाच पायगुण.

तर 2022. हे मी दहा वेळा सांगितलंय, अकराव्यांदा सांगतो, ज्यांना कंटाळा आलाय त्यांनी खाली स्क्रोल करा.

15 ऑक्टोबर, शनिवार, ह्यूस्टन विरुद्ध, तिसरी मॅच, हरलो तर संपलं. दुपारी एकला सुरू. मी आणि मुलगा, तो तेव्हा अकरा वर्षांचा, पार वरच्या मजल्यावर. नऊ इनिंग झाल्या, एरवी मॅच इथे संपते, पण 0-0 म्हणून पुढे चालू. बारा झाल्या, 0-0. ज्यांना बेसबॉल कळत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे एका मॅचच्या तिकिटात दोन मॅच बघायच्या आणि दोन्हीत काहीच होत नाही. गार्लिक फ्राईजचा डबा मांडीवर थंडगार, लसणाचा नुसता वास उरलेला, आणि मुलाने माझ्या जॅकेटमधे हात घातलेले कारण ऊन गेलं होतं. आणि चौदाव्या इनिंगला मी, मी मूर्ख माणूस, त्याच्या कानात म्हणालो, "आता जिंकतो बघ आपण."

अठराव्या इनिंगला ह्यूस्टनच्या पेन्याने होमरन मारला. 1-0. सहा तास बावीस मिनिटं. 47 हजार माणसं होती आणि ह्यूस्टनची मुलं खाली ओरडत होती ते वर ऐकू आलं मला.

परत येताना ट्रेनमधे तो काही बोलला नाही. स्टेशन आल्यावर उठता उठता म्हणाला, "बाबा, तू का बोललास?"

हो, माहितीये. माझ्या बोलण्याने बॉल कुठे जातो ते ठरत नाही, इंजिनिअर आहे मी, कळतं. पुढे.

2023 ला एका मॅचने प्लेऑफ हुकले. 2024 ला 18 जूनला दहा मॅचची आघाडी होती, दहा, आणि महिन्याभरात ती वितळली, शेवटी परत एकाच मॅचने हुकले. त्या जूनमधे पण हेच चाललं होतं, यंदा पक्की, यंदा पक्की. तेव्हा ग्रुपवर पहिलं "पक्की" कोणी लिहिलं होतं ते मी आत्ता वर जाऊन शोधून आलोय, नाव घेत नाही. आणि लक्षात घ्या, तीस टीम आहेत, त्यातल्या एकोणतीस कधी ना कधी वर्ल्ड सिरीज खेळल्यात, हरल्या असतील पण पोचल्या तरी. राहिलेली एक कोण? 1977 पासून खेळतेय ती कोण? मग निगेटिव्ह कसला मी, मी फक्त मागचं वाचून दाखवतोय.

आणि मला सगळ्यात कशाचा राग येतो सांगू, ह्या लोकांना वाटतं आम्हाला जिंकायला नकोय. अरे मीच तो गाढव जो मंगळवारी रात्री 2-11 चालू असताना शेवटच्या आऊटपर्यंत बसतो. बायको विचारते, हरतायत तर बंद का करत नाहीस? मी काय सांगू. आमचे अण्णा सचिन आऊट झाला की टीव्ही बंद करून अंगणात जायचे आणि मग तिथून खिडकीतून शेजाऱ्यांना विचारायचे, "किती झाले?" तेच रक्त आहे. ह्या महिन्यात सलग दहा मॅच जिंकलो, मग ह्यूस्टनला त्यांच्या घरी जाऊन तिन्ही मॅचमधे हरवलं, आणि मी प्रत्येक मॅच किचनच्या दारात उभा राहून बघितली कारण पहिली जिंकली तेव्हा मी चहा घ्यायला तिथे उभा होतो. गेल्या रविवारी पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर पण दारातच उभा. बायको म्हणाली, कंबर दुखतीये ह्यांची, बसवत नाही. सांभाळून घेते बिचारी.

असो. चिडून लिहायला बसलो होतो, आता जरा थंड झालोय. तो पोरगा वाईट नाहीये, तिकिटाला पैसे तोही देतो, आणि नवीन माणसाला नुसता आनंद होत असेल तर होऊ दे, मलाही 2001 ला झालाच होता की. खरं सांगायचं तर थोडा हेवा वाटला.

आज शेवटचा आऊट झाल्यावर मैदानात सगळे एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते, टीव्हीवर नुसता गोंधळ. मुलगा आता चौदाचा आहे, माझ्याएवढा उंच झालाय, सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता. मी दारातून त्याच्याकडे बघितलं. तोंड उघडलं मी, देवाशपथ काहीतरी बोलणारच होतो. त्याने नुसतं ओठांवर बोट ठेवलं. आणि मग हसला. आम्ही दोघांनी मिळून भांडी घासली आणि मॅचबद्दल एक शब्द काढला नाही, जेवणाच्या डब्यांची झाकणं सापडत नाहीत ह्यावर बोललो.

आईला फोन केला होता, तिकडे सकाळ, घटापुढे बसली होती. तिला बेसबॉल म्हणजे काय हे चोवीस वर्षांत कळलेलं नाही पण आवाजावरून ओळखलं तिने. म्हणाली, कोणाला सांगत बसू नकोस, मीठमोहऱ्या ओवाळून टाक. घरात मोहरी आहे. मीठ सी सॉल्ट आहे, चालतं का ते विचारायचं राहिलं.

आणि बाळा, राग मानू नकोस, शनिवारी ये घरी, खिचडी कढी करतोय. पण ग्रुपवरचं ते "पक्की" तेवढं डिलीट कर. लाडू राहू दे.