पाऊस आहे म्हणून साखर कारखाना चालेल?

वैभववाडी-कणकवलीकडच्या बहुतेक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सार असा: घाटावर कमी पावसात एवढे कारखाने चालतात, कोकणात तर धो धो पाऊस, मग इथेही कारखाना काढा. नवीन मशिनरी बसवली की बारा टक्के रिकव्हरी (उतारा, म्हणजे शंभर किलो उसामागे मिळणारी साखर) मिळेल, इथेनॉल आणि वीज विकून कारखाना आपोआप फायद्यात येईल, आपला ऊस घाट चढायचा थांबेल. अडलंय ते फक्त पुढाऱ्यांच्या इच्छाशक्तीवर.

मी सोळा गळीत हंगाम घाटावरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये काढले आणि आता गावी पाऊण एकर ऊस करतो. मेसेज पाठवणाऱ्यांची तळमळ मला कळते, ती माझीही आहे. पण हा हिशेब चुकलाय. यावर विसंबून उद्या कुणी शेअर्स गोळा करायला निघालं, तर बुडणारे पैसे आपल्याच वाडीतले असतील.

पावसाचं आधी. तीन हजार मिलिमीटर पडतो खरा, पण चार महिन्यांत, आणि जांभ्यातून झिरपून जातो. उसाला पाणी वर्षभर लागतं. मार्चमध्ये आपल्या विहिरींचा तळ दिसतो, तेव्हा घाटावर धरणाचं आणि नदीच्या उपशाचं पाणी चालू असतं. शिवाय उसात साखर भरते ती कोरड्या हवेत, रात्रीच्या गारठ्यात. किनाऱ्याच्या दमट हवेत तो गारठा पुरेसा मिळत नाही.

आता बारा टक्क्यांचं, कारण सगळा गैरसमज इथे आहे. उतारा म्हणजे कारखान्याची कार्यक्षमता नव्हे. तो तीन आकड्यांचा गुणाकार आहे: उसातली साखर (लॅबच्या भाषेत पोल), मिलने त्यातली किती पिळून काढली आणि बॉयलिंग हाऊसने (रस उकळून साखर करणाऱ्या विभागाने) रसातली किती पोत्यात भरली. समजा पोल 13 टक्के, मिल एक्स्ट्रॅक्शन 95, बॉयलिंग हाऊस रिकव्हरी 89. उतारा येतो 11. हाच कारखाना ढिसाळ चालवा, 93 आणि 86 धरा, तरी 10.4 येतो. आता मशिनरी उत्तम ठेवा आणि ऊस 11.5 पोलचा घाला: 9.7. त्याच उत्तम मशिनरीवर बारा हवे असतील, तर उसातच चौदाच्या वर साखर लागेल. शेतात तयार न झालेली साखर कुठलीही मिल देत नाही.

आणि याचा पहिला फटका शेतकऱ्याला बसतो. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी (उसाला द्यायचाच किमान दर) 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3550 रुपये ठरवली, आणि दर 0.1 टक्क्यामागे टनाला 34.60 रुपये वर-खाली. 11 वरून 9.7 वर आलात की टनामागे 450 रुपये गेले. साडेनऊच्या खाली दर आणखी उतरत नाही. तिथून पुढचा तोटा कारखान्याचा.

मग कार्यक्षमता कशात असते? गव्हाणीवर (मिलमध्ये ऊस टाकतात तिथे) खंड न पडता ताजा ऊस येत राहण्यात. रोज 2500 टन गाळणारा कारखाना 150 दिवस चालवायचा तर पावणेचार लाख टन ऊस लागतो. एकरी 30 टन धरले तर साडेबारा हजार एकर, आणि रोजची तोड 83 एकरांची. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर पंधरा नावं आणि वाट्याला दहा-दहा गुंठे. समजा पगार, व्याज, घसारा मिळून वर्षाला 30 कोटी खर्च आहे. पावणेचार लाख टनांवर तो टनाला 800 रुपये पडतो, दोन लाख टनांवर 1500. ऊस कमी आला म्हणून बँक व्याज सोडत नाही.

रात्रपाळीला ‘नो केन’ झालं, म्हणजे गाळायला ऊसच संपला, की काय होतं ते मी पाहिलंय. मिल थांबते, पण बॉयलर विझवता येत नाही. नवा बगॅस (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा, तेच बॉयलरचं जळण) येत नसतो आणि साठवलेला जळत असतो. टाक्यांतल्या गरम रसातली साखर तासागणिक मोडते. शेवटच्या मिलचा बगॅस मुठीत दाबून ओल किती राहिली ते आम्ही बघायचो. एवढी काळजी घेऊन वाचवलेलं सगळं अशा चार तासांत जायचं.

वीजही याच बगॅसची. एक टन उसातून साधारण 280 किलो बगॅस आणि त्यातून सहाशे किलोच्या आसपास वाफ मिळते. कारखाना स्वतःचं काम साडेचारशे किलो वाफेत भागवत असेल तरच विकायला काही उरतं. इथेनॉलसाठी बी-हेवी मळी (जिच्यात अजून काढण्याजोगी साखर शिल्लक असते ती) वळवली तर तेवढी साखर कमी होते, आणि डिस्टिलरीचं कर्ज वेगळं. 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करणं भर हंगामात थांबवलं होतं. यात ‘आपोआप’ काही नाही.

इच्छाशक्तीसाठी प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचं उदाहरण दिलं जातं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचं कर्तृत्व मोठंच. पण त्यांचा कारखाना 1950 चा आणि भंडारदऱ्याचं धरण 1926 चं. कालव्याचं पाणी आधी आलं, त्यावर ऊस उभा राहिला, कारखाना नंतर.

राहिला आपला घाट चढणारा ऊस. इथे मेसेजवाल्यांचं दुखणं खरं आहे, कारण तोडणी-वाहतूक आपल्याच बिलातून कापली जाते. गेल्या जानेवारीत टोळीने माझा ऊस तोडला आणि वाहन तिसऱ्या दिवशी आलं. मोळ्या बांधावर वाळत पडल्या होत्या. रिफ्रॅक्टोमीटर लावला तर ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घटकांचं प्रमाण) वाढलेला. शेजारी खूश झाला, साखर वाढली म्हणून. वाढलं काहीच नव्हतं, उसातलं पाणी उडालं होतं, वजन गेलं होतं आणि साखर मोडायला लागली होती. घाटावरच्या कारखान्याकडे मागायचंच तर हे मागूया: तोडीची तारीख आठ दिवस आधी लेखी, टोळीबरोबर त्याच दिवशी वाहन, आणि चोवीस तासांत ऊस गव्हाणीत. येत्या हंगामाच्या नोंदी सुरू व्हायच्या आत तसा अर्ज द्यायचा आहे. आमच्या वाडीतल्या अकरा जणांनी सह्या केल्या आहेत.