झादोर एका डोळ्याने खेळला नाही, फायनलही खेळला नाही

एर्विन झादोरचा रक्ताळलेला फोटो पुन्हा फिरतोय. खालचा मजकूर असा: '१९५६ची ऑलिंपिक फायनल. रशियन खेळाडूने डोळा फोडला, तरी हा हंगेरियन वॉटरपोलोपटू एका डोळ्याने खेळत राहिला आणि सुवर्ण जिंकूनच बाहेर आला. तलाव लाल झाला होता. पुढे तो उपेक्षेत मेला.' माझा भाचा वॉटरपोलो खेळतो. त्याला हे 'शिका काहीतरी' म्हणून पाठवलं गेलं, म्हणून लिहिणं भाग आहे.

तो खेळत राहिला, हे धादांत खोटं आहे. ६ डिसेंबर १९५६, मेलबर्न. सोव्हिएत संघाविरुद्धच्या सामन्यात हंगेरी ४-० ने पुढे होती आणि सामना संपायला मिनिटभरच उरलं होतं. शिट्टी वाजली म्हणून झादोरने पंचांकडे पाहिलं, तेवढ्यात सोव्हिएत खेळाडू व्हॅलेंटिन प्रोकोपोव्हने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. हे खुद्द झादोरनेच पुढे मुलाखतींत सांगितलंय. तो पाण्याबाहेर आला, प्रेक्षक खवळून तलावाच्या काठापर्यंत उतरले, पोलिस मध्ये पडले आणि सामना तिथेच थांबवला गेला. फोटोही काठावरचाच आहे, नीट बघा! सुवर्ण ठरलं ते नंतर, युगोस्लाव्हियाला २-१ ने हरवल्यावर. त्या सामन्यात जखमेमुळे झादोरला उतरताच आलं नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्याचं कौतुक चाललंय, नेमकी तीच घडलेली नाही. आणि चौदा वर्षांच्या पोराला काय शिकवताय? डोळ्याला लागलं तरी लपव, खेळत राहा? आजच्या नियमांत रक्त येणाऱ्या खेळाडूला पंच ताबडतोब बाहेर काढतात आणि बदली खेळाडू आत येतो. डोळ्याच्या जखमेशी हिंमतीचा खेळ करायचा नसतो.

तलाव लाल झाला म्हणे. डोळ्याखालच्या एका जखमेने? रक्त वाहिलं, गालावरून छातीवर उतरलं, एवढं खरं.

सामन्यात राजकारण होतं, हे मात्र मान्य करावं लागेल. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे हंगेरीतला उठाव चिरडायला राजधानी बुडापेस्टमध्ये घुसले, त्याला जेमतेम महिना झाला होता. पण हंगेरियन खेळाडूही गप्प नव्हते. शाळेत सक्तीने शिकलेल्या रशियन भाषेत ते समोरच्यांना मुद्दाम डिवचत होते, तसं ठरवूनच उतरले होते. प्रोकोपोव्हचा ठोसा त्यामुळे माफ होत नाही, पण एकीकडे राक्षस आणि दुसरीकडे देव, असं ते चित्र नव्हतं.

उपेक्षेत मेला, हेही खोटं. तो मायदेशी परतला नाही, अमेरिकेत गेला. तिथल्या वॉटरपोलोचा दर्जा त्याला फार कमी वाटला, म्हणून तो कॅलिफोर्नियात पोहण्याचा प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली लहानपणी शिकलेल्यांत मार्क स्पिट्झ होता, १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं जिंकणारा. झादोर २०१२ साली गेला.