मंदीत काम काढलंय, हो!

"दिवस काय आलेत आणि तुम्ही घराचं काम काढलंत?" गेल्या पंधरा दिवसांत हे इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं, एकदाच सविस्तर लिहून टाकावं. पुढच्याने विचारलं की पोस्ट दाखवता येईल.

प्रश्न चुकीचा नाही. नोकऱ्या जातायत, आमच्या घरातल्या दोन पगारांपैकी एकाचं पुढच्या सहामाहीत काय होईल ते आम्हालाच माहीत नाही. अशा वेळी हात आखडता घ्यावा हे मलाही पटतं. पण 'काम काढणं' या एकाच शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. वरचा मजला चढवणं किंवा चांगलं चाललेलं स्वयंपाकघर फोडून नवं करणं, हे एक. गळकी गच्ची, कुजलेली चौकट, भिंतीत मुरणारं पाणी, हे दुसरं. पहिलं थांबवता येतं. दुसरं थांबवलंय असं आपल्याला नुसतं वाटतं, आत ते चालूच असतं.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. तीन वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवर, कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्यात एक चीर दिसली. मिस्त्री बघून म्हणाले, "ताई, दोन-तीन दिवसांचं काम आहे. कोपरा फोडतो, नीट भरतो आणि वाटा मारून देतो." (वाटा म्हणजे त्या काटकोनी कोपऱ्याला सिमेंटची गोलाई द्यायची, म्हणजे पाणी तिथे साचून न राहता सरकतं.) नेमका त्याच वर्षी ह्यांचा बोनस बुडाला. आम्ही म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. त्याच्या पुढच्या वर्षी पगार कापला. पुन्हा बघू.

यंदा मागच्या खोलीच्या छताचा टोपलीभर पोपडा पहाटे खाली आला. खाली कुणी झोपलेलं नव्हतं, एवढंच नशीब. मिस्त्री आले, शिडीवर चढले आणि हातोडीने छत ठोकत ठोकत गेले. धडधाकट भागावर टणटण आवाज येत होता. मध्येच डबडब सुरू झालं, आणि ते डबडब बघता बघता अर्ध्या खोलीभर पसरलं. जिथे जिथे पोकळ वाजलं तिथे त्यांनी खडूने गोल काढले. खालून बघताना नकाशावरच्या बेटांसारखे दिसत होते. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, आणि ती जागा तो भोवतीचं काँक्रीट फोडून घेतो. मिस्त्री उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "तेव्हा पाणी अडवायचं होतं. आता सळई वाचवायचीय."

खर्च किती पटींनी वाढला ते इथे लिहीत नाही, ह्यांनी पोस्ट वाचली तर घरात नवी मंदी यायची.

आता थोडं मोठ्या चित्राकडे. मंदीत नवीन बांधकाम जवळजवळ ठप्प होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. इतकं का ठप्प होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. समजा एका वस्तीत १००० घरं आहेत. दरवर्षी १० कुटुंबं वाढतात आणि १० जुनी घरं पाडावी लागतात, म्हणून २० नवी बांधली जातात. मंदी आली. तरुण पोरांनी वेगळं बिऱ्हाड करायचं लांबवलं आणि जुनी घरं 'अजून दोन वर्षं चालतील' म्हणून उभी राहिली. वस्तीकडे बघून काहीच बदललेलं दिसत नाही, हजार घरं जिथल्या तिथे. पण बांधणाऱ्याच्या वहीत २० चे शून्य झाले. शिवाय पडत्या भावात घर विकायला कुणाचं मन होत नाही. मालक वाट बघत बसतो, त्यामुळे भाव खाली यायच्या आधी व्यवहारच थांबतात.

अमेरिकेचे आकडे बघा. १९२५ साली तिथे ९ लाख ३७ हजार घरांची बांधकामं सुरू झाली होती. महामंदीच्या तळाला, १९३३ मध्ये, फक्त ९३ हजार. दहातली नऊ गायब! पुढे २००५ मध्ये सुमारे २० लाख ७० हजार, आणि २००९ मध्ये ५ लाख ५४ हजार. एडवर्ड लीमर नावाच्या अर्थतज्ज्ञांनी २००७ मध्ये दाखवून दिलं होतं की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आलेल्या दहा मंद्यांपैकी आठ मंद्यांच्या आधी घरबांधणी घसरली होती. म्हणजे बाकीच्या धंद्यांना ताप यायच्या आधी बांधकामाला कणकण येते.

दुरुस्तीचं तसं नसतं. २००८ च्या मंदीत अमेरिकेतला डागडुजी-नूतनीकरणावरचा खर्चही घटला, नाही असं नाही, पण नव्या बांधकामाच्या मानाने खूप कमी. आणि घटला तो मुख्यतः हौसेच्या कामांवरचा. छप्पर, खिडक्या, पाण्याचे नळ ही कामं लोक करतच राहिले, कारण पाऊस शेअर बाजार बघून पडत नाही.

महामंदीतल्या अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारला हे फार लवकर उमगलं होतं असं मला वाटतं. २७ जून १९३४ ला तिथे राष्ट्रीय गृहनिर्माण कायदा झाला. त्याचा पहिलाच भाग नव्या घरांचा नव्हता, जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठी छोट्या कर्जांचा होता. २००० डॉलरपर्यंतचं कर्ज, आणि बँकेला तोटा झाला तर त्यातला काही भाग सरकारच्या अंगावर. हिशेब सरळ होता. नवं घर उभं राहायला जमीन, मंजुरी, मोठं कर्ज, सगळं लागतं. दुरुस्तीला एक सुतार, एक गवंडी आणि सोमवार पुरतो.

स्वीडनने २००८ च्या डिसेंबरपासून घरदुरुस्तीवर करसवलत पुन्हा सुरू केली. त्यातली गंमत मला जाम आवडते: सवलत फक्त मजुरीवर, तेव्हा निम्म्या मजुरीइतकी. सामानावर काही नाही. कारण वाचवायचे होते ते हात. आणि सवलत हवी तर बिल हवं, म्हणून रोखीत चालणारा धंदा आपोआप उजेडात येतो. याच्या अगदी उलट इटलीचा प्रकार. २०२० मध्ये त्यांनी घरांच्या ऊर्जाबचतीच्या कामांना ११० टक्के सवलत दिली. खर्चापेक्षा जास्त! मग मालक कंत्राटदाराशी घासाघीस कशाला करेल? कामं वारेमाप निघाली, दर चढले आणि सरकारवर १०० अब्ज युरोंच्या कितीतरी वर बोजा पडला. मालकाच्या खिशातून चार पैसे जायलाच हवेत, नाहीतर बिल कुणी वाचत नाही.

आता ज्या गोष्टीवरून मैत्रिणीशी माझा कडाक्याचा वाद झाला ती. ती म्हणाली, "मंदी आहे ना, मग मजुरी पाड. गरजू आहेत, येतील."

येतील, खरंय. पण अमेरिकेत २००६ ते २०११ या पाच वर्षांत बांधकामातल्या २० लाखांहून जास्त नोकऱ्या गेल्या, आणि पुन्हा कामं निघाली तेव्हा त्यातले कितीतरी लोक परतलेच नाहीत. कुणी ट्रक चालवायला लागला, कुणी गोदामात गेला. हातोडीचा आवाज ऐकून छत ओळखणारा माणूस एकदा दुसऱ्या धंद्याला लागला की तेजीतही तो सापडत नाही. सापडतात ते काल कामाला लागलेले, दीडपट दराने. म्हणून मजुरी मी पाडली नाही. त्याऐवजी एक गोष्ट मागितली: घाई नको. तेजीत हेच मिस्त्री एकाच वेळी चार साईटवर असतात आणि आपल्याकडे फक्त त्यांचा 'निघालोच' असा फोन असतो. आता ते रोज नऊच्या ठोक्याला हजर. प्लास्टरवर रोज वेळेवर पाणी मारलं जातंय. मंदीत खरं स्वस्त काय होत असेल तर कारागिराचा वेळ.

सामानही स्वस्त मिळेल म्हणून थांबलेल्यांना सांगते, तसा काही नियम नाही. २०२० मध्ये सगळं ठप्प होतं, तरी घरी बसलेल्या लोकांनी डागडुजी काढली आणि अमेरिकेत मे २०२१ मध्ये लाकडाचे भाव विक्रमी झाले. आणि सिमेंट स्वस्त मिळतंय म्हणून गोणी रचून ठेवणाऱ्यांना दुरूनच नमस्कार. ते सोनं नव्हे. हवेतली ओल धरतं, खडे होतात. तीन महिन्यांहून जास्त पडून राहिलेलं सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये, आणि घरी ते कोण तपासतं?

ॲडव्हान्सचं मात्र मी ठेच खाऊन शिकले. एका कंत्राटदाराने (नाव घेत नाही) सुरुवातीलाच निम्मे पैसे मागितले. माणूस गोड बोलणारा, दिले. चार दिवस दोन पोरं आली, जुना गिलावा फोडला, मलबा जिन्यात रचला आणि गायब. नंतर कळलं की आमच्या पैशातून त्याने आधीच्या साईटवरची मजुरी भागवली होती. तिथला मालक पैसे देत नव्हता. मला त्याचा राग आला, अजूनही आहे, पण तो चोर होता असं म्हणवत नाही. मंदीत कंत्राटदार असाच बुडतो, एकाचं घेऊन दुसऱ्याला देत देत, आणि साखळीत शेवटी जो सापडतो त्याच्या जिन्यात मलबा राहतो. यावेळी सामान आम्ही स्वतः आणलं आणि मजुरी टप्प्याटप्प्याने, काम बघून. मिस्त्रींनाही तेच सोयीचं पडलं. ते म्हणाले, "शनिवारी हातात पैसे आले की पोरं सोमवारी येतात."

कर्ज काढून काम करावं का, असं काहींनी विचारलंय. आम्ही नाही काढलं. गच्ची आणि ते छत, एवढंच केलं. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या, नव्या टाईल्स, मुलीच्या खोलीतलं कपाट, सगळं पुढे. मुलगी रुसलीय.

छत झालं. जुना थर सोलला, सळया घासून गंज काढला, लेप दिला, नव्याने भरलं. गच्चीवर वॉटरप्रूफिंग झालं, वाटाही मारला. काल सकाळी पाण्याच्या तोंडांना बोळे कोंबून गच्चीवर चार बोटं पाणी भरलंय. मिस्त्रींनी कठड्यावर पाण्याच्या पातळीला खडूची रेघ मारली आणि शेजारी पाण्याने भरलेली एक बादली ठेवून तिच्यातही तशीच खूण केली. उन्हाने उडालेलं पाणी किती आणि झिरपलेलं किती, ते बादलीवरून कळतं म्हणे.

आज संध्याकाळी वर जाऊन बघितलं. रेघेपासून पाणी अर्धं बोट खाली गेलंय. बादलीतही अर्धं बोटच. खाली येऊन छताला हात लावून बघितला, कोरडं आहे. उद्या अजून एक दिवस ठेवायचंय.