दोन खड्ड्यांचा संडास, काळी जमीन आणि एक फिरता मेसेज

खान्देशात सध्या फोनाफोनी एक मेसेज फिरतो आहे: ‘फ्लशचा संडास थॉमस क्रॅपरने शोधला, भारतात तो इंग्रजांनी आणला. दोन शोषखड्ड्यांचा संडास आपल्या काळ्या जमिनीत चालत नाही. मोठी सेप्टिक टाकी बांधा, जन्मभर उपसावी लागत नाही.’ यातले शेवटचे वाक्य तर जिवावर बेतणारे आहे.

क्रॅपर जन्मला १८३६ साली. फ्लशच्या संडासाचे वर्णन इंग्लंडात जॉन हॅरिंग्टनने १५९६ मध्येच केले होते. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंगने एस आकाराच्या नळीचे पेटंट घेतले. त्या बाकात पाणी साचून राहते आणि खालचा वास वर येत नाही. गवंडी ज्याला कोंबडा म्हणतात, त्याचे मूळ हे. क्रॅपरने सुधारणा केल्या आणि माल विकला, एवढेच.

इंग्रजांनी आणला म्हणावे, तर मोहेंजोदडो आणि लोथलला चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी घरातले सांडपाणी विटांच्या गटारांत जात होते. खान्देशाच्या जुन्या राजधानीत, बुऱ्हाणपुरात, १६१५ च्या सुमारास कुंडी भंडाऱ्याचे पाणी जमिनीखालून उताराने शहरात आणले गेले. अर्थात ती पिण्याच्या पाण्याची सोय, मैल्याची नव्हे. उलट इंग्रजी अमलात शहरोशहरी टोपलीचे संडास होते, म्हणजे मैला टोपलीत पडायचा आणि माणसाने वाहून न्यायचा, आणि ते काम ठरावीक जातींच्या डोक्यावर लादले गेले. त्यावर बंदीचा कायदा १९९३ मध्ये आला आणि अधिक कडक कायदा २०१३ मध्ये.

आता काळ्या जमिनीचे. ती पाणी सावकाश मुरवते, हे खरे. म्हणून खड्डा नेहमीपेक्षा मोठा घ्यायचा आणि बांधकामाच्या बाहेरून चहूबाजूंनी ३० सेंटिमीटर वाळू किंवा बारीक खडी भरायची. ते न करता खड्डा तुंबला, की दोष जमिनीला जातो. साध्या मुरमाड जमिनीत पाच माणसांच्या घराला सुमारे एक मीटर व्यासाचे आणि तेवढ्याच खोलीचे दोन खड्डे पुरतात. त्यांच्यात किमान एक मीटर अंतर हवे. बांधकाम जाळीचे, म्हणजे विटांत फटी ठेवलेले, तळ मातीचा. आतून प्लास्टर केले किंवा तळाला काँक्रीट ओतले, की पाणी मुरायला वाटच उरत नाही. विहिरीपासून दहा मीटर तरी लांब राहा. न्हाणीचे पाणी त्यात सोडू नका. संडासाचा मैला आधी एका चेंबरमध्ये येतो आणि तिथून दोन तोंडांनी दोन खड्ड्यांकडे वाट असते; त्यातले एक तोंड पक्के बंद हवे. दोन्ही उघडी राहिली तर दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि सगळी योजनाच फसते. वायू मातीतच जिरतो, त्यामुळे वेंट पाइप लागत नाही.

पहिला भरला की दुसरा सुरू करायचा. दीड-दोन वर्षे बंद राहिलेल्या खड्ड्यातून कोरडे, बिनवासाचे सोनखत निघते. केळीवाल्यांना त्याचे मोल सांगायला नको. संडासाचे भांडे तीव्र उताराचे असेल तर दर वेळी दीड-दोन लिटर पाणी पुरते, आणि टँकरवर दिवस काढणाऱ्या गावाला हा फरक मोठा आहे.

सेप्टिक टाकीत गाळ साचतोच. टाकी मोठी म्हणजे तो उशिरा भरेल, इतकेच. दोन-तीन वर्षांनी उपसली नाही, तर मैला न कुजताच बाहेर पडतो आणि पुढचा शोषखड्डा चोंदतो. टाकीतून निघणारे पाणीही घाणच असते, ते उघड्या गटारात सोडू नये. उपसायला सक्शनची गाडीच बोलवा. झाकण थोडा वेळ उघडे ठेवले की वायू निघून जातो, हा समज माणसे मारतो: हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो आणि जास्त झाला की नाकाला त्याचा वास कळेनासा होतो. पहिला उतरलेला बेशुद्ध पडला, की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही.