बारा व्होल्टचा संसार

पहाटे साडेतीनला इन्व्हर्टर ओरडायला लागला. एक लांबलचक पीऽऽप, दोन सेकंद शांतता, परत पीऽऽप. नवरा डोळे न उघडता म्हणाला, "अगं बंद कर ना ते", लेक म्हणाली, "आई, आज शाळा आहे?", आणि फ्रिज काहीच म्हणाला नाही कारण तो केव्हाच गेला होता.

त्या रात्री कॅम्परच्या, म्हणजे आमच्या फिरत्या घराच्या गाडीच्या, छताकडे बघत पडल्या पडल्या मी ठरवलं की बॅटरी बदलायची. बास. देवाशप्पथ एवढंच ठरवलं होतं.

आमची बॅटरी म्हणजे १०० अँपिअर-अवरची (अँपिअर-अवर म्हणजे किती वीज साठते त्याचं माप) लेड-ॲसिड, वजन तीस किलोच्या आसपास, उचलताना प्रत्येक वेळी माझ्या कमरेतून एक वेगळा आवाज येतो. लेड-ॲसिडचा शोध १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी लावला आणि आमची बहुधा त्यांच्या पहिल्याच बॅचमधली असावी. शिवाय नावाला १०० असली तरी निम्म्याच्या खाली वापरायची नाही, नाहीतर तिचं आयुष्य कमी होतं. म्हणजे ५० वापरायला आणि ५० नुसतीच घेऊन फिरायला. घरातल्या काही माणसांबद्दलही मला असंच वाटतं पण ते जाऊदे.

त्यापेक्षा लिथियम आयर्न फॉस्फेट कितीतरी बरी, तेवढ्याच क्षमतेला बारा-तेरा किलो, आणि जवळजवळ सगळी वापरता येते. मी म्हणलं २०० अँपिअर-अवरची घेऊ, १२.८ व्होल्टने गुणलं की २५६० वॉट-अवर, संपला विषय.

विषय संपला नाही, कारण मी दादाला फोन केला. माझा दादा इलेक्ट्रिकल इंजिनिअर नाही पण एकदा त्याने स्वतःच्या घरातला पंखा स्वतः लावला होता, तेव्हापासून तो या विषयात बोलतो. तो म्हणाला, "बॅटरी मोठी केलीस तर भरणार कशाने? तुझं सोलर पॅनल तर १०० वॉटचं." मुद्दा बरोबर होता त्यामुळे जास्तच राग आला. पॅनलवर छापलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो, चौरस मीटरला १००० वॉट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. रिकाम्या पोटी, चपला काढून, श्वास रोखून केलेलं वजन असतं ना, तसा तो आकडा. खऱ्या उन्हात छतावर पॅनल साठ अंशांपर्यंत तापतं आणि अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के पॉवर जाते, म्हणजे ऊन कडक पडलं म्हणून आपण खूश आणि पॅनल घामाघूम. वर ते सपाट आडवं पडलेलं, सूर्याकडे तोंड करायची सोय नाही.

तर पॅनल वाढवायची. मग एमपीपीटी कंट्रोलर आला, पॅनलमधून जास्तीत जास्त पॉवर काढून बॅटरीला देणारा, कारण जुना साधा पीडब्ल्यूएम प्रकारचा होता, तो १८ व्होल्टच्या पॅनलला खाली ओढून बॅटरीच्या १३ व्होल्टवर आणतो आणि मधलं सरळ वाया घालवतो. मग गाडी चालताना अल्टरनेटरवरही, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावरही, चार्जिंग हवं, पण लिथियम इतकी खादाड की अल्टरनेटर देईल तेवढा करंट ओढत बसते आणि गाडी नुसती उभी राहून इंजिन चालू असलं की तो तापून मरायचा, म्हणून मध्ये करंटला आवर घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर. मग बॅटरीला अगदी चिकटून फ्यूज. मग शंट, कारण लिथियमच्या तोंडावरून काही कळत नाही, ९० टक्के भरलेली असो की ४०, व्होल्टेजमध्ये जेमतेम दोन दशांशाचा फरक, तेव्हा आत-बाहेर जाणारा करंट मोजत बसणारा कारकून वेगळा ठेवावा लागतो. आणि शून्य अंशाच्या खाली चार्ज केली की ती आतून खराब होते म्हणून तिची जागा पलंगाखाली, जिथे आत्ता आमच्या रजया आहेत. रजया कुठे ठेवायच्या हा कॉलम अजून रिकामा आहे.

हो, कॉलम. एव्हाना एक्सेल आलं होतं. त्याला सहा शीट होती आणि एकीचं नाव 'फायनल', दुसरीचं 'फायनल खरं'.

नवऱ्याने एकदा मागून वाकून बघितलं आणि म्हणाला, "अगं आपल्याला फोन चार्ज करायचेत, उपग्रह नाही सोडायचा." मी दुर्लक्ष केलं. मग दोनच मिनिटांनी तोच माणूस विचारतो, "मग यावर इलेक्ट्रिक केटल चालेल का?" आता एक लिटर पाणी वीस अंशांपासून उकळायला जेमतेम ९३ वॉट-अवर लागतात, हे काही जास्त नाही, मलाही वाटलं चालेल. पण १५०० वॉटची केटल १२ व्होल्टवर चालवायची म्हणजे सव्वाशे अँपिअर, इन्व्हर्टरचा तोटा धरला तर १४०. त्याला केबल लागते बोटाएवढी जाड. मी एक तुकडा आणून बघितला, तो वळवायला मी आणि नवरा दोघं दोन टोकांना धरून उभे होतो, आणि तो आम्हाला वळवत होता. केटल रद्द झाली. पाणी बर्नरवरच तापेल असं शीट चारमध्ये लाल अक्षरात लिहिलं.

आता छत. खालून बघितलं की वाटतं केवढं मोठं आहे, वर चढलं की कळतं तिथे आधीच सगळे जागा धरून बसलेत, मधोमध खिडकी, मागे पंख्याचं तोंड, कोपऱ्यात अँटेना. २०० वॉटचं एक पॅनल साधारण दीड मीटर लांब आणि दोन-तृतीयांश मीटर रुंद. मी पुठ्ठ्याचे त्याच मापाचे दोन तुकडे कापले आणि रविवारी शिडी लावून वर ते सरकवत बसले. आडवं, उभं, तिरकं. खालून लेक ओरडत होती, "आई, थोडं डावीकडे", तिला काय दिसत होतं देव जाणे. शेवटी बसले एकदाचे, फक्त दुपारी तीननंतर अँटेनाची बोटभर सावली एकाच्या कडेवर पडायची. बोटभर सावलीने काय होतंय असं वाटतं ना? आत सेल एकामागे एक जोडलेले असतात, शाळेतली पोरं हात धरून रांगेत चाललीयेत आणि एकाने बुटाची नाडी बांधायला बसकण मारली की सगळी रांग ठप्प. बायपास डायोड असतात म्हणून तेवढा भाग वगळून बाकीचं पुढे चालतं, पण तो भाग म्हणजे कधीकधी अर्धं पॅनल.

इथून सिरीज की पॅरलल, म्हणजे दोन पॅनल एकामागे एक जोडायची की शेजारी-शेजारी, हे महायुद्ध सुरू झालं. दादा म्हणे, "सिरीजच कर, व्होल्टेज वाढतं, करंट तेवढाच, बारीक वायरीत भागतं." मी म्हणे, "अरे पण सावली? आणि थंडीत व्होल्टेज अजून चढतं, कंट्रोलरची कमाल मर्यादा ओलांडली तर तो जळेल ना." हे सगळं पाऊण तास. शेवटी दादा म्हणाला, "मग अँटेना काढ." अँटेना गेली तीन वर्षं कशालाच जोडलेली नाहीये हे तेव्हा मला आठवलं. मी त्याला सांगितलं नाही. याच वेळी वारा सुटला आणि ४०० वॉटची माझी दोन्ही पॅनल उडून शेजारच्यांच्या बाल्कनीत गेली.

तरी यादी झाली. मारुतीच्या शेपटासारखी, पण झाली. फक्त एक खटकत होतं. शीट एकप्रमाणे आमचा दिवसाचा खर्च फ्रिज ४००, पंखा १००, लॅपटॉप १२०, फोन, दिवे, पंप सगळं धरून सव्वासातशे-साडेसातशे वॉट-अवर. जुन्या बॅटरीत वापरायला सहाशे, वर पॅनल रोज तीनशे तरी देणार, म्हणजे ती सव्वा दिवस तरी चालायला हवी. मग पहिल्याच रात्री साडेतीनला कशी मेली?

ऑर्डर करायच्या आदल्या रात्री सगळे झोपल्यावर मी मागून आणलेला क्लॅम्प मीटर घेऊन कॅम्परमध्ये गेले. टॉर्च दातात. फ्रिज बंद, पंखा बंद, दिवे बंद, पंप बंद. मीटरचा चिमटा बॅटरीच्या वायरीभोवती लावला. १.२ अँपिअर. मला वाटलं मीटर बिघडला. काढून परत लावला. १.२. सगळं झोपलेलं आणि कुणीतरी अंधारात बसून खातंय.

सीटच्या मागे हात घातला तर धुळीतून एक मिणमिणता हिरवा दिवा. इन्व्हर्टर. लॅपटॉप चार्ज करायला कधीतरी चालू केलेला, तो आपला चालूच. काही न जोडता नुसतं चालू राहायचे १५ वॉट, चोवीस तासांचे ३६०. वापरायच्या पन्नास अँपिअर-अवरपैकी एकोणतीस हाच पीत होता आणि संपली की पहाटे साडेतीनला बोंबही हाच मारत होता. चोराच्या उलट्या बोंबा त्या याच.

बटण दाबलं, दिवा गेला, मीटर शून्यावर.

पुढच्या शनिवारी बाहेर पडलो. ऑर्डर मी अजून दिली नव्हती, केबलची मापं एकदा तपासू म्हणून. रात्र शांत गेली. सकाळी फ्रिज गारेगार, आणि नवरा पाण्याची बाटली हातात घेऊन म्हणाला, "अगं, बॅटरी तर मस्त चालली की! मग नवीन कशाला घ्यायची?"

"काल ऊन जास्त होतं," मी म्हणलं.

"काल ढग होते."

मी काही बोलले नाही. सहा शीट, अडीच महिने, दोन पुठ्ठे. त्या रात्री दोघं झोपल्यावर मी हळूच सीटमागे हात घातला, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. मग पांघरुणात शिरून पीऽऽपची वाट बघत पडले.