वेशीवरची कमान कोणी मागितली होती? : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

परदेशात स्थायिक झालेल्या मंडळींमुळे आपल्या खेड्यांना हातभार लागतो, अशा आशयाच्या माझ्या लेखावर आपण दारव्हा तालुक्यातून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत. आपले म्हणणे थोडक्यात असे : बापाने वावर विकून पोराला शिकवले, पोरगा अमेरिकेत गेला, त्याचा पैसा पुण्या-नागपुरातल्या फ्लॅटमध्ये अडकला आणि गावाच्या वाट्याला फक्त वेशीवरची कमान आली, मग याला विकास का म्हणावे? प्रश्न रास्त आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग मला मान्य आहे.

प्रथम आकड्यांविषयी. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात सुमारे ११८.७ अब्ज डॉलर आले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे केरळपेक्षाही किंचित जास्त होता, असे मी लिहिले होते. आकडा बरोबर आहे, पण तो राज्याचा आहे. त्यावरून यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातल्या खेड्याविषयी काहीही सिद्ध होत नाही, आणि तो विदर्भावरच्या लेखात ठोकून देणे ही माझी चूकच झाली.

मात्र घरी येणाऱ्या पैशाकडे आपण विकासनिधी म्हणून पाहता, तिथे माझे मत वेगळे आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशीची बोंडे पोखरली, तेव्हा आमच्या गावातल्या ज्या घरी कुवेतहून दरमहा रक्कम येत होती, त्या कास्तकाराला सावकाराची पायरी चढावी लागली नाही. त्या पैशातून रस्ता झाला नाही की शाळा झाली नाही, हे खरे. पण नापिकी, दवाखाना आणि जुने कर्ज यांसाठी पाठवलेल्या पैशाकडून रस्त्याची अपेक्षा कोणी करावी?

गावाच्या नावाने येणाऱ्या पैशाची गोष्ट निराळी. ज्या पाणी शुद्धीकरण यंत्राचे मी कौतुक केले होते, ते प्रत्यक्ष न पाहताच केले होते, हे कबूल करतो. आपली प्रतिक्रिया वाचून मी तिथे गेलो. जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात यंत्र उभे होते, त्याच्या तोटीला सुतळीने पोत्याचा तुकडा बांधलेला होता आणि दात्याच्या आईचे नाव कोरलेली संगमरवरी पाटी तेवढी लख्ख पुसलेली होती. बिल थकल्याने वीज तोडली गेली होती, आणि आतला मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, कोणी बदलायचा, हे यंत्र बसवताना कोणीच ठरवले नव्हते. पुढे गावातल्या महिला बचत गटाने ते ताब्यात घेतले, वीस लिटरच्या कॅनला पाच रुपये आकारायला सुरुवात केली, आणि आता ते चालते. पैसा परदेशातून आला होता खरा, पण यंत्र चालू ठेवले ते त्या पाच रुपयांनी.

मेक्सिकोतही हाच पेच पडला होता. झाकातेकास प्रांतातून अमेरिकेत गेलेल्या लोकांच्या मंडळांनी आपल्या मूळ गावासाठी एक पेसो दिला, तर केंद्र, प्रांत आणि नगरपालिका यांनी प्रत्येकी एक पेसो घालायचा, अशी योजना तिथे रुजली आणि २००२ पासून ती देशभर राबवली गेली. रस्ते, पाणी आणि वीज यांची कामे झाली. चर्चची डागडुजी आणि चौकांची सजावटही झाली. पण तिच्यावरचा मोठा आक्षेप असा की ज्या गावातून माणसे बाहेर गेली, तिथेच सरकारचा पैसाही गेला, आणि ज्या अतिगरीब वस्तीतून कोणी बाहेर पडलेच नव्हते, ती कोरडी राहिली. आपल्याकडचे कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे त्यांची छोटी वस्ती, आठवा. तिथला कोण ह्यूस्टनला आहे? हा मुद्दा आपण मांडला नाहीत, पण मला तो आपल्या सर्व मुद्द्यांपेक्षा जड वाटतो, आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नाही.

शिवाय कायद्याची एक अडचण आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातल्या स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. पण त्यानेच अमेरिकेचे नागरिकत्व घेतले की ती परकीय देणगी ठरते, आणि गावातल्या संस्थेला ती घ्यायची तर केंद्राची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि, २०२० च्या दुरुस्तीपासून, स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत खाते लागते. तालुक्याच्या गावी जाऊन यायलाच अख्खा दिवस जातो, तिथे दिल्लीचे खाते कोण सांभाळणार? मग पैसा भावाच्या खात्यावर येतो, आणि काय बांधायचे ते भाऊ ठरवतो. कमानी उगवतात त्या अशा.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे उदाहरण आपण ‘अपवाद’ म्हणून बाजूला सारलेत. ते अपवाद आहेतच. पण अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून आल्यावर १९८६ पासून गडचिरोलीत त्यांनी जे उभे केले, त्यात एक गोष्ट लक्षात घ्यावी : रुग्णालय कसे असावे हे आदिवासींना विचारले गेले, म्हणून ते झोपड्यांच्या रूपात उभे राहिले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवणारी त्यांची पद्धत पुढे देशभरातल्या आशाताईंपर्यंत पोहोचली. परदेशातून आलेले ज्ञान इथे विचारून वापरले गेले. आपला राग, माझ्या मते, न विचारता दिलेल्या देणगीवर आहे; तो देणाऱ्या प्रत्येकावर काढू नये, एवढेच माझे म्हणणे.

ताजी गोष्ट सांगतो. यंत्र देणाऱ्या त्याच गृहस्थांनी यंदा वडिलांच्या नावे कमान बांधून देण्याचा प्रस्ताव पाठवला. १ मेच्या ग्रामसभेत बचत गटाच्या बायांनी तो वाचून घेतला आणि कमानीऐवजी यंत्राच्या पाच वर्षांच्या वीजबिलापुरती ठेव मागणारा ठराव लिहून घेतला. सरपंचांनी तो त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवला आहे. दोन निळ्या खुणा दिसतात. उत्तर अजून आलेले नाही.