विषारी नाही म्हणून काय झालं?

"विषारी नाहीये हो तो, मग तुम्हाला काय त्रास?" परदेशी साप पाळणाऱ्यांकडून हे ऐकून ऐकून आता डोकं सणकतं. मुलुंडला डोंगराच्या कडेला राहतो, कुठे साप निघाला की पकडायला जातो. धामण, दिवड, नाग, घोणस, यातला एकही घरात ठेवला तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण बॉल पायथन हा आफ्रिकेतला छोटा अजगर गळ्यात घालून रील काढा, सोसायटीत कोणी हूं की चूं करत नाही. कुत्र्याच्या लिफ्टवरून मात्र तासभर मीटिंग.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले. साईट्स (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले पाळलेले प्राणी सहा महिन्यांत सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवा. नोंदवा आणि खुशाल ठेवा! कॉर्न स्नेक हा पाळला जाणारा अमेरिकन साप त्या यादीतच नाही, म्हणजे त्याला तीही कटकट नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटं-केकच्या पाकिटांत ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक निघाले. हे पकडलेले. न पकडलेले कुणाच्या बेडरूममध्ये आहेत?

बॉल पायथन वीस-तीस वर्षं जगतो. घेणारा कॉलेजातला पोरगा. उद्या तो शिकायला परदेशी गेला की आईबाप तो साप कुठे सोडणार? मागे नॅशनल पार्क आहेच! फ्लोरिडात पाळायला आणलेले बर्मीज अजगर असेच बाहेर गेले. २०१२ च्या अभ्यासात तिथल्या एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशात रॅकून हा छोटा सस्तन प्राणी दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांनी घटलेलं निघालं. या अजगरांसोबत आलेला फुप्फुसातला परजीवी आता तिथल्या मूळच्या सापांच्या जिवावर उठलाय. आणि अजगर मोठा म्हणून हे झालं असं सांगू नका. स्पेनच्या ग्रान कानारिया बेटावर पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक सुटला. बिनविषारी, हातात मावणारा. जगात फक्त त्याच बेटावर मूळची असलेली मोठी पाल त्याने जागोजागी संपवत आणली.

चीड याची येते की हत्यार सरकारच्या हातात आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने कलम ६२-अ आलं, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, विक्री, बाळगणं, सगळं एका अधिसूचनेने रोखता येतं. मग रोखा ना! परदेशी सापांची विक्री आणि घरगुती पैदास आधी बंद करा, यादीतले असोत वा नसोत. आज ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या सापांना चिप लावा, ते मरेपर्यंत राहू देत. पण नवीन एकही नको.